पॉवर किती?

नवी एअर रायफल घेऊन चार महिने झाले. ह्या चार महिन्यांत ती ज्याने ज्याने पाहिली त्याने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "पॉवर किती?" आणि दुसरा, "कबूतर पडतं का?" धाकट्या काकांनी विचारलं, ऑफिसातल्या मित्रांनी विचारलं, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनीसुद्धा विचारलं. "नेम कसा आहे?" हे मात्र आजतागायत एकानेही विचारलेलं नाही. म्हणजे कोणी तानपुरा घेऊन आला तर त्याला "आवाज किती लांब जातो?" एवढंच विचारायचं, तसं हे.

म्हणून हा लेख. जरा चिडूनच लिहितोय. हे आपल्यालाच उद्देशून लिहिलंय असं ज्या नातेवाईकांना वाटेल, त्यांचा अंदाज बरोबर आहे :)

आधी ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. जत्रेत फुगे फोडायला असते ती छर्‍याची बंदूक स्प्रिंगवर चालते. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दाबलेली हवा छर्‍याला. माझी तशी नाही. हिच्या नळीखाली हवेची टाकी आहे, ती आधी २०० बारपर्यंत भरून ठेवायची. तुमच्या गाडीच्या चाकात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून कल्पना करा. ती हवा रेग्युलेटरमधून, हो, स्वयंपाकघरात गॅसला असतो त्याच तत्त्वाच्या, ठरावीक दाबावर खाली येते. चाप ओढला की आतला छोटा हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेवढीच हवा छर्‍यामागे सुटते. स्प्रिंगच्या बंदुकीसारखा धक्का नाही. धक्का नाही म्हणून नेम हलत नाही, आणि ह्या यंत्राचं खरं मोल तिथे आहे. पण पॉवर किती?

बरं, पॉवरचंच बोलू. बाजारात एअरगनच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरात "१००० फूट प्रति सेकंद" असं छापलेलं असतं आणि लोक ते वाचून खूश होतात. आता हा हिशोब आठवीतल्या पोराला येईल. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. साधा शिशाचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं साडेचोवीस जूलच्या थोडं वर. आणि आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय चालणार्‍या एअरगनची मर्यादा आहे २० जूल, नळीचा व्यास जास्तीत जास्त .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर. म्हणजे खोक्यावरचा आकडा साध्या छर्‍याने खरा असेल तर बंदूक बेकायदा, आणि बंदूक कायदेशीर असेल तर आकडा साध्या छर्‍याचा नाही! बहुतेक वेळा तो ०.३४ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍याने काढलेला असतो. तो छर्रा सुटतो जोरात, पण पुढे जाऊन कुठे जाईल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. १००० फुटांच्या आकड्याला भुलून बंदूक घ्यायची आणि पंचवीस मीटरवर नारळ चुकवायचा, हा आपल्याकडचा छंद.

(पूर्वीची गंमत अशी की २०१६ च्या आधी जूल वगैरे नव्हतं. एक इंच जाडीच्या लाकडी फळीतून छर्रा आरपार जाता कामा नये अशी चाचणी होती. कायद्याने फळी समोर धरून बंदूक तपासायची, ही कल्पनाच मला फार आवडते. असो.)

ह्यावर आमच्यातल्या हौशी मंडळींचं ठरलेलं रडगाणं: "आपल्या देशात नियम फार कडक. परदेशात बघा!" बघितलं. जर्मनीत परवान्याशिवायची मर्यादा साडेसात जूल आहे. ब्रिटनमध्ये रायफलला १२ फूट-पाउंड, म्हणजे सव्वासोळा जूलच्या आसपास. आपली वीस. आपण ह्या दोघांहून उदार आहोत. आणि त्याच सव्वासोळा जूलमध्ये फील्ड टार्गेट नावाच्या खेळाची जागतिक स्पर्धा होते, पन्नास मीटरपर्यंतची टार्गेटं पाडतात लोक, चार सेंटिमीटरच्या भोकातून. तेव्हा वीस जूल कमी पडतात असं जो म्हणतो, त्याला जूल कमी पडत नाहीत, दुसरं काहीतरी कमी पडतंय.

आता भाच्याकडे येतो. ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, पण लिहिणं भाग आहे.

रायफल घेतली त्याच आठवड्यात भाचा सुट्टीला कामोठ्याला आला होता. दुसर्‍या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाला, "मामा, एक जण आहे, तो ट्यूनिंग करून देतो. हातोड्याची स्प्रिंग बदलायची, रेग्युलेटरचा दाब वाढवायचा, सरळ तीस जूल!" वर पुन्हा, "कोणाला कळणारे?"

ह्या "ट्यूनिंग" शब्दाचा मला फार राग येतो. तबला जुळवतात, पेटी जुळवतात, म्हणजे काय करतात? सुरात आणतात. गाठ्या ठोकून ठोकून वादी तुटेपर्यंत ताणली तर त्याला कोणी जुळवणं म्हणत नाही. पण एअरगनच्या धंद्यात ट्यूनिंग म्हणजे जोर वाढवणं, एवढाच अर्थ उरलाय. बरं, तीस जूल झाले की ती एअरगन राहत नाही, कायद्याच्या लेखी ते बिनपरवाना शस्त्र होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २५ लागतं, आणि त्यात तुरुंग आहे. "कोणाला कळणारे" हे उत्तर नाही. ज्या दिवशी त्या छर्‍याने कोणाला तरी लागेल त्या दिवशी पहिली गोष्ट तपासतील ती हीच.

मी त्याला म्हटलं, थांब. आधी ही आहे तशी काय करते ते तर मोजू.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. आमच्या फ्लॅटमध्ये सगळी दारं उघडी टाकली तरी स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून मागच्या बेडरूमच्या भिंतीपर्यंत जेमतेम आठ मीटर भरतात. त्यामुळे नेमाची चाचणी घरात होत नाही, होते ती फक्त वेगाची. जाड पत्र्याचा पेलेट ट्रॅप, आत गच्च भरलेल्या चिंध्या, मागे पक्की भिंत, खिडक्या बंद, घरातली माणसं दुसर्‍या खोलीत. समोर क्रोनोग्राफ, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणारं छोटं यंत्र. शिसं आहे, तेव्हा नंतर हात साबणाने धुवायचे, जमिनीवरून ओलं फडकं फिरवायचं. हे पॉवरवाले कधी सांगत नाहीत म्हणून मी सांगतोय.

०.६७ ग्रॅमचे जरा जड छर्रे घेतले. पहिले दहा शॉट. वहीत आकडे लिहायचं काम भाच्याकडे. सर्वांत कमी २३२ मीटर प्रति सेकंद, सर्वांत जास्त २४६. मी त्याला म्हटलं, २४६ चे जूल काढ. त्याने मोबाइलवर काढले. २०.३.

म्हणजे खोक्यातून काढलेली, बिल असलेली, कोणी हात न लावलेली रायफल अधूनमधून कायद्याची रेषा ओलांडत होती! कोणी बनवली ते इथे लिहीत नाही, आणि कदाचित माझ्याच नगाचं असेल. पण मोजलंच नसतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं. ज्याला पॉवर हवी त्याने खोका वाचला आणि विषय संपला. ज्याला बंदूक समजून घ्यायची त्याला मोजावं लागतं.

आणि खरी वाईट बातमी वेगळीच होती. ती २० वर नव्हती, ती २३२ आणि २४६ मधल्या चौदा मीटरच्या फरकात होती. छर्रा पंचवीस मीटर जाईपर्यंत पाच-साडेपाच सेंटिमीटर खाली येतो. वेग चौदा मीटरने इकडेतिकडे झाला की हे खाली येणं सहा मिलिमीटरने बदलतं. म्हणजे तुम्ही दगडासारखे स्थिर असाल, श्वास रोखलेला असेल, चाप लोण्यासारखा सुटला असेल, तरी एक छर्रा दुसर्‍यापेक्षा सहा मिलिमीटर वर किंवा खाली. पन्नास मीटरवर हाच फरक अडीच सेंटिमीटरच्या घरात. तुमचा काही दोष नसताना. आणि दोष मात्र तुम्ही स्वतःला देणार, किंवा दुर्बिणीला, किंवा वार्‍याला.

मग जुळवायला बसलो. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच स्क्रू. भाच्याचा स्वभाव तीन स्क्रू एकदम फिरवायचा आहे (ताई, तुझ्यावर गेलाय). मग सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि बिघडलं तर परत येता येत नाही. हातोड्याच्या स्प्रिंगचा ताण अर्धा आटा कमी करायचा, दहा शॉट, वही. परत अर्धा आटा, दहा शॉट, वही. सुरुवातीला ताण कमी केला तरी वेग जवळजवळ तोच राहिला. म्हणजे हातोडा गरजेपेक्षा जोरात आपटत होता आणि ती सगळी जास्तीची हवा छर्रा नळीतून निघून गेल्यावर नुसती फुस्स करून वाया जात होती. तोच तो जास्तीचा आवाज, ज्याला लोक पॉवर समजतात. मग एका ठिकाणी वेग खाली यायला लागला. त्या वळणाच्या जरासं अलीकडे थांबलो. मग रेग्युलेटरचा दाब थोडा उतरवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

तिसर्‍या रविवारी संध्याकाळी दहा शॉटचे आकडे आले: सरासरी २२२, आणि सर्वांत वरच्या-खालच्यात फरक फक्त तीन मीटर. ताकद साडेसोळा जूल. एका भरण्यात आधी अडतीस शॉट नीट मिळत होते, आता साठ. भाचा वहीकडे बघत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, कमी झाली की."

हो रे बाबा. कमी झाली.

नेमाची चाचणी झाली ती पेणच्या पुढे एका मित्राच्या शेतावर. मागे डोंगर कापून उभी केलेली मातीची भिंत, घराच्या उंचीची, तिच्यामागे डोंगरच. एवढ्यासाठी जाऊन-येऊन अख्खा दिवस घालवला कारण दुसरा मार्ग नाही. रेंज असेल तर रेंजवर जावं, नसेल तर अशी जागा जिथे चुकलेला छर्रा मातीतच जाईल. पंचवीस मीटरवर, पोत्यावर टेकवून, दहा-दहा शॉटचे ग्रुप. तीन शॉटचा नव्हे! तीन शॉटचा ग्रुप म्हणजे लग्नाच्या स्थळाचा फोटो, त्यावरून काही ठरवायचं नसतं. त्याआधी दुर्बिणीचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासले, नळी साफ केली, चार प्रकारचे छर्रे आलटून पालटून मारले. एकाच कंपनीचे एकाच वजनाचे ४.५० आणि ४.५२ मिलिमीटर डोक्याचे छर्रे एकाच नळीतून वेगळे वागतात, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. जुन्या जुळणीवर आधीच्या फेरीत सर्वांत चांगला ग्रुप एकोणीस मिलिमीटर आला होता. आता अकरा. रायफल तीच, नळी तीच, मारणारा मीच, आणि मी काही चार आठवड्यांत सुधारलो नाही, उलट मान धरली होती.

अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर जोराचा उपयोग शून्य आहे असं मी म्हणत नाही. पन्नास मीटरवर आडवा वारा असेल तर जड आणि वेगवान छर्रा कमी ढकलला जातो, हे खरं आहे. पण वीस जूलच्या आत राहूनही तो फायदा पुरेसा मिळतो. आणि ज्याला दहा मीटरवर दहा छर्रे एका भोकात घालता येत नाहीत त्याने पन्नास मीटरवरच्या वार्‍याची काळजी करणं म्हणजे सा लागत नसताना तराण्याची घाई.

ह्यात मला सगळ्यात जास्त कसलं वाईट वाटतं सांगू? हे सगळं आपण कुठे बसून बोलतोय! कामोठ्याहून खांदेश्वर ओलांडलं की पनवेल. तिथे कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूरांनी २००६ मध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. ह्या बाईंनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. चाळीसच्या चाळीस छर्‍यांची कड त्या ठिपक्याला लागली. चाळीसपैकी एकाचाही मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपेक्षा लांब नाही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण मिळवलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला ह्याच प्रकारात जगज्जेता झाला. आणि ह्या सगळ्यांच्या हातातल्या रायफलची ताकद? साडेसात जूलच्या आसपास. माझ्या "कमी झालेल्या" रायफलच्या निम्म्याहून कमी. छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने जातो, बस्स. त्या बंदुकीने जत्रेतल्याहून फार काही मोठं फुटणार नाही, पण अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला तसल्याच बंदुकीने सुवर्ण आणलं. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की अंतिम फेरीच्या आधी सरावाचा शॉट मारला तर तो कुठल्या कुठे गेला, रायफलची साइटच हललेली होती. सरावाच्या त्या मोजक्या मिनिटांत त्याने ती परत जुळवली, आणि शेवटचा शॉट १०.८ मारला. त्या क्षणी त्याला पॉवर किती असं कोणी विचारलं असतं तर?

आता कबूतर.

२०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद झाला, त्यावरून बरीच रणं माजली, आणि ते लोण आमच्या सोसायटीच्या मीटिंगपर्यंत आलं. जाळ्या लावायच्या की नाही, खर्च कोणी करायचा. आणि यंदा पावसाळ्यानंतरच्या मीटिंगमध्ये एका सभ्य गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं: "ह्यांच्याकडे ती नवीन गन आहे ना? गच्चीवरून दहा-वीस उडवा, बाकीची आपोआप जातील." लोक हसले. दोघांनी खरंच मान डोलावली.

मी तिथे गप्प बसलो, ते अजून सलतंय, म्हणून इथे लिहितो. एक, कबूतर जखमी होऊन कोणाच्या तरी ग्रिलमध्ये दोन दिवस तडफडतं, ते तुमच्या मुलांसमोर. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. दोन, माझ्या रायफलचा छर्रा तिरपा वर सोडला तर तीनशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो. आमच्या गच्चीवर उभं राहून तीनशे मीटरचं वर्तुळ मनात काढा. त्यात किती बाल्कन्या, किती कपडे वाळत घालणार्‍या बायका, संध्याकाळी किती पोरं सायकलवर? डोळा जायला वीस जूल लागत नाहीत, दोन-तीनही खूप होतात. तीन, जे लोक म्हणतात "मग खाडीकडे जा, तिकडे कोणी नसतं," त्यांनी एकदा ओहोटीला तिकडे जाऊन पाहावं. कोणी नसतं म्हणजे माणसं दिसत नाहीत एवढंच. बगळे असतात, तिवरांमागे मासेमारी करणारी माणसंही असतात, आणि पाण्यावरून छर्रा उसळून कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आणि चौथं, जे मला मीटिंगमध्ये म्हणायचं होतं आणि जमलं नाही. तीन रविवार, चारशेच्या वर छर्रे, एक अख्खी वही, पेणचा एक दिवस आणि धरलेली मान, हे सगळं मी ज्या आठ मिलिमीटरसाठी केलं, त्यातलं तुम्हांला फक्त एवढंच दिसलं की हिने काहीतरी मरतं.

पावसाळ्यात हातपंपाने हवा भरताना दर थोड्या वेळाने पंपातून पाणी काढावं लागतं. इथल्या हवेत एवढा ओलावा असतो की सिलिका जेलचे निळे दाणे दोन भरण्यांत गुलाबी होतात. ते पाणी टाकीत गेलं तर आतून गंज. भाच्याला हे काम फार कंटाळवाणं वाटायचं. परवा त्याचा फोन आला. "मामा, रात्रभर ठेवल्यावर सकाळचा पहिला शॉट कुठे जातो ते आपण बघितलंच नाही." रेग्युलेटरमधून रात्रभर थोडा थोडा दाब झिरपतो आणि पहिला शॉट वेगळा जातो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.

दिवाळीत येतोय. येताना स्प्रिंग आणू नकोस, कोरी वही आण.